सुशीलामावशींची उशी

रविवार, संध्याकाळ

सुशीलामावशी चार रविवार उपासनेला आल्या नाहीत. चर्चमध्ये तिसऱ्या बाकावर त्यांची चौकड्याची उशी तशीच होती. मी तिथं कुणाला बसू दिलं नाही. पाळकांनी आजाऱ्यांच्या प्रार्थनेत त्यांचं नाव घेतलं, आम्ही मोठ्यानं आमेन म्हटलं. घरी मात्र कुणीच गेलं नाही. मीसुद्धा. दोन गल्ल्या तर पलीकडे!

आज गेले. मावशी अर्ध्या झाल्यात. शेजारची पारूबाई त्यांना पेज भरवत होती. ती आमच्या चर्चची पायरीही कधी चढलेली नाही.

काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "मावशी, तुमची जागा राखलीय मी."

त्या हसल्या. "व्हय? उशी बरी हाय न्हवं माझी?"

स्वतःला ख्रिस्ताची मंडळी म्हणवतो आम्ही. कुठल्या तोंडानं?