दुर्बीण घेतली, पण विकणारा सरळ वाटला नाही

ती. दाजींना मेहुण्याचा कृतानेक नमस्कार.

आपला गुडघा आता कसा आहे? मागच्या पत्रात ‘बराच बरा’ असं लिहिलंत, पण ओळी खाली खाली उतरत गेलेल्या दिसल्या, त्यावरून मी समजायचं ते समजलो. खरं काय ते ताईकडून कळवावं. माझी तब्येत उत्तम आहे, असं डॉक्टर म्हणतात (फी आधी घेतात, म्हणून मी निम्माच विश्वास ठेवतो).

पत्रास कारण की, मी दुर्बीण घेतली आहे. तुमची सारी नोकरी दीपगृहात गेली, तेव्हा आधी तुम्हाला विचारायला हवं होतं, पण घाई होती. आमची पोरगी, म्हणजे तुमची भाची, पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत आहे हे तुम्ही जाणताच. दर गुरुवारी ती होडीतून तलावात जाते आणि पाण्याचे नमुने बाटल्यांत भरून आणते. होडीत ती आणि नावाडी, एवढीच माणसं असायला हवीत. गेले तीन गुरुवार मला काठावरून तीन ठिपके दिसताहेत. सहज विचारलं, तर म्हणाली, बाटल्यांचा खोका असेल. दाजी, खोका हातवारे करत नाही.

उघड चौकशी करायची सोय राहिलेली नाही, ते तुम्हाला ठाऊक आहे. दोन वर्षांपूर्वीच्या स्थळाच्या वेळी मी मुलाच्या कचेरीत, त्याच्या घरमालकाकडे आणि त्याच्या न्हाव्याकडे जाऊन आलो, आणि ठरत आलेलं मोडलं. (न्हाव्याकडे जायला नको होतं.) पोरगी एका शब्दाने रागावली नाही, पण तेव्हापासून मला काही सांगेनाशी झाली. या वेळीही माझ्या हातून बिघडलं, तर ती मला कायमची परकी होईल, ही धास्ती आहे. म्हणून लांबूनच बघायचं ठरवलं.

आता दुर्बीण कशी हवी, तर पाण्याला दाद न देणारी, कारण मी सांडव्याजवळच्या लव्हाळ्यात बसतो आणि तिथे सारखे तुषार उडतात. रुंद दाखवणारी हवी, कारण अरुंद दुर्बिणीत पोरगी दिसेल आणि शेजारी कोण ते बाहेरच राहील. आणि स्वस्त हवी, कारण पेन्शन. दुकानात मात्र मी पक्षी बघायचे आहेत असं सांगितलं. कोणते, असं विचारल्यावर जोडीने बसणारे, असं तोंडातून निघून गेलं.

दुकानातला विक्रेता तिशीचा असेल. महागड्या दुर्बिणीला मी हात घातला, तर त्यानेच ती काढून घेतली. म्हणाला, ही दहा पट मोठं दाखवते, पण हात जरा हलला की सगळं थरथरतं आणि दिसणारा पट्टाही अरुंद होतो, तुम्ही आठ पटीची घ्या, निम्म्या पैशांत काम होईल. दाजी, मी तीस वर्षं वजनमापे खात्यात काढली. कमी पैशांत काम होईल असं सांगणारा दुकानदार मला एकदाही भेटला नाही. म्हणजे पाणी कुठेतरी मुरत होतं. आत वायू भरलेला आहे, त्यामुळे काच आतून धुरकट होत नाही, असंही म्हणाला. तो वायू वजनात धरला आहे का, असं मी विचारलं. त्याने तराजू पुढे केला.

मग मी म्हणालो, पाण्यात बुडवून दाखवा. वाटलं, आता पळवाट काढेल. तर त्याने बादली भरून आणली, दुर्बीण आत सोडली आणि घड्याळ लावलं. अर्धा तास आम्ही दोघं बादलीकडे बघत बसलो. त्या अर्ध्या तासात या गृहस्थाने मला काय काय विचारावं? राग लवकर येतो का, तिखट चालतं का, संध्याकाळी घरी कितीपर्यंत असता, घरात कोण कोण असतं. हा सरळसरळ चोरीचा बेत. मी लगेच सांगून टाकलं की घरात मोठा कुत्रा आहे, आणि तो अनोळखी माणसाला सोडत नाही. त्यावर तो हसला. दुर्बीण कोरडी निघाली, मी ती घेतली, पण मनातून शंका जात नाही. सात दिवसांत परत घेईन म्हणाला आहे. ठेवू की परत करू, ते उलटटपाली कळवावं.

आपला,
मेहुणा

ता.क. पत्र पाकिटात घालणार, तोच जेवणाची हाक आली. आमटी वाढता वाढता पोरगी म्हणाली, “बाबा, आपल्याकडे कुत्रा कधी आला?” दाजी, कुत्र्याचं मी त्या दुकानातल्या माणसाखेरीज कोणाजवळही बोललो नव्हतो. मी पानावरून उठून दाराची कडी तपासून आलो.

ता.क. २. आज गुरुवार. दुर्बिणीत तिघंही व्यवस्थित मावली. नावाडी, पोरगी आणि तो. (दुकान गुरुवारी बंद असतं.) अंगावर इतके तुषार उडाले, पण काच धुरकटली नाही. माल चोख आहे. पोरगी हसत होती. दोन वर्षांत माझ्या घरात ती अशी हसलेली नाही, आणि ते कोणामुळे, हे मला कोणी सांगायला नको. फार वाईट वाटलं. तेवढ्यात तिने नेमका लव्हाळ्याच्या दिशेने हात हलवला. मी तिथे बसतो हे तिला पहिल्या गुरुवारपासून माहीत होतं म्हणे.

ता.क. ३. तेव्हा दुर्बिणीचं राहू द्या. रविवारी तो त्याच्या आईला घेऊन येतो आहे. तुम्ही आणि ताई शनिवारीच या, बोलणी तुम्ही करायची. मी एकही प्रश्न विचारणार नाही, असं पोरीने माझ्याकडून लेखी घेतलं आहे. साक्षीदार म्हणून तुमची सही लागेल. फक्त एक तुमच्यातर्फे विचारा, लग्नानंतर दोघं राहणार कुठे? जवळपास म्हणाला, तर तिथेच मोठ्याने सांगा. लांब म्हणाला, तर ताईला सांगा, ती मला नंतर सावकाश सांगेल.