भिंगरीचा नट

सांगली,
२४ मार्च १९७६

प्रिय विजू,

तुझं पत्र येऊन आज बावीस दिवस झाले. तुझ्या सासरी शिरवळला हमरस्त्यावर जो नवा कारखाना निघालाय, तिथं लेथवर शिकाऊ म्हणून दोन बायका घेणार आहेत. तुझे सासरे म्हणतात की तुझ्या वडिलांनी हो लिहून पाठवलं तर आमची ना नाही. तू लिहितेस, तेव्हा आबा, दोन ओळी लिहा, अर्जाला एकतीस तारखेपर्यंत मुदत आहे. हे सगळं मी वाचलंय. उत्तर याच पत्रात देणार आहे. पण आधी तुझ्या त्या भिंगरीचं ऐक. महिनाभर तिनं माझं डोकं पिकवलंय, जत्रा आठ दिवसांवर आली आणि तुझी आई माझ्याशी धड बोलत नाही.

फौजेत वर्कशॉपला होतो तेव्हा आमचा उस्ताद सांगायचा, बिघाड शोधायचा तर पहिल्यापासून सांग. म्हणून तुला पाठ असलेलंही लिहितो. सायकल स्टँडवर उभी. पायडल मारलं की मागचं चाक जागच्या जागी फिरतं. टायरला डायनामोसारखी टेकलेली लाकडी कप्पी, कप्पीतून वर आलेला स्पिंडल म्हणजे उभा दांडा, स्पिंडलच्या डोक्यावर प्लायवूडची चकती आणि चकती उडू नये म्हणून वरून एक नट. चकतीवर कागद लावायचा, एकानं पायडल मारायचं, दुसऱ्यानं वरून रंग सोडायचा. रंग कडेला पळतो आणि कागदावर फूल उमटतं. भोवती घमेलं, म्हणजे शिंतोडे कुणाच्या अंगावर नाहीत. सोळाव्या वर्षी तू हे आपल्या सायकलच्या दुकानामागच्या भंगारातून जुळवलंस. तेव्हा मी म्हणालो होतो, ही काय थेरं लावलीयत. आणि पहिल्याच जत्रेत रांग लागल्यावर गावभर सांगत सुटलो की आयडिया माझी. तीन जत्रा ती एकदाही अडली नाही.

तू नांदायला गेलीस आणि भिंगरी धूळ खात पडली. संक्रांतीनंतर मी ती उघडली. बेअरिंगच्या छर्र्यांत रंग जाऊन वाळला होता, कप्पीचं रबर तडकलं होतं. म्हटलं, पोरीनं पोरखेळासारखं केलंय, आता मिस्त्रीच्या हातचं काम दाखवू. आत डाव्या पायडलचा स्पिंडल बघून तर मला हसूच आलं. डावरी ती डावरी, हाताला डावं लागलं तेच लावलं! नट रंगानं गच्च बसला होता, म्हणून चकती फोडून तो नटासकट काढून फेकला. उजव्या पायडलचा कोरा स्पिंडल घातला, नवा नट, नवे छर्रे, सगळीकडं भरपूर ग्रीस. याकूबला, म्हणजे आपल्या शेजारच्या वेल्डिंगवाल्याला, मुद्दाम बोलावून दाखवलं.

तिथून माझे दिवस फिरले. पहिल्यांदा कप्पीच फिरेना, नुसती घसरायची. ते ग्रीस टायरला लागलं होतं. रॉकेलनं पुसलं, खडू चोळला, टायरमध्ये हवा जास्त मारली, तेव्हा कप्पीनं टायर धरला. मग चकती लंगडायला लागली, तर भोक वाईसं तिरकं पडलं होतं. नवी चकती कापली. एवढं झाल्यावर नट सैल पडायला लागला. दहा-बारा कागद निघाले की नट सैल. पाना घेऊन आवळायचा, पुन्हा सैल. जितक्या जोरानं पायडल मारावं तितका लवकर सैल. शेवटी शेवटी तर तीन कागदसुद्धा निघेनात.

रविवारच्या बाजारात मी ती मुद्दाम मांडली, म्हटलं जत्रेआधी चाचणी होईल. चांगलं दहा-पंधरा माणूस भोवती उभं. मी पायडल मारतोय, याकूब लाल रंग सोडतोय, आणि नट गेला की उडून! चकती घमेल्याच्या वरून निघाली ती थेट समोरून येणाऱ्या हळदीच्या अडत्याच्या धोतरावर. पांढरंशुभ्र धोतर गं! रंगपंचमी होऊन तीन दिवस झालेले नव्हते, म्हणून मी म्हटलं, उरलीसुरली समजा. ते काय हसले नाहीत. अख्ख्या बाजारानं त्यांची वाटणी हसून घेतली.

मी काय काय केलं नाही ते विचार. स्प्रिंग वायसर घातलं. स्पिंडलच्या आट्यांवर, त्या पिळाच्या खाचांवर, सफेदा लावून दोरा गुंडाळला. दुसरा नट चढवावा तर वर आटेच उरत नाहीत. आरपार भोक पाडून पिन ठोकावी तर स्पिंडल पाणी देऊन कडक केलेला, कुपवाडला वर्कशॉपात नेला तरी ड्रिल चावेना, दोन बिटं मोडून परत आलो. याकूब म्हणाला, मिस्त्री, वेल्डिंगच मारतो, विषय संपला. मी म्हणालो, मग चकती बदलायची कशी, तुझ्या डोक्यानं? त्याच्यावरही ओरडलो. त्या दिवशी तुझी आई चुलीपासून एवढंच बोलली, पोरीनं केलं तवा चालत हुतं, तुमी नीट केलं तवा बिघडलं. मी जेवणावरून उठलो. माझा राग तुला माहीत आहे.

आज सकाळी तिनं चहाच्या कपाशेजारी काहीतरी फडक्यात बांधलेलं आणून ठेवलं आणि आत गेली. सोडून बघतो तर तुझा डावा स्पिंडल, तुझ्या नटासकट. मी फेकला होता तो तिनं उचलून तुझ्या पत्रांच्या डब्यात ठेवला होता. स्वच्छ पुसून, तेल लावून. मी तो हातात घेतला, सवयीनं नट फिरवला आणि नट उलटा फिरला.

विजू, डाव्या पायडलला उलटे आटे असतात हे सायकलच्या धंद्यातलं शेंबडं पोरही सांगेल. ते का असतात हेही मी शंभर जणांना सांगितलंय, फिरताना सुटू नये म्हणून. आपली भिंगरी घड्याळाच्या काट्यासारखी फिरते. पायडलला जोर दिला की चकती मागं रेंगाळते आणि नटाला मागं ओढते. सरळ आट्याचा नट त्या ओढीनं सुटतो, उलट्या आट्याचा आणखी आवळतो. हे तुला सोळाव्या वर्षी कळलं होतं. म्हणून तू शोधून डावा स्पिंडल घेतलास. मी समजलो हाताचं वळण, आणि ते होतं तुझं डोकं. दुपारी तुझा स्पिंडल बसवला. शंभर कागद काढले, नट केसभर हलला नाही.

त्या हातावरून मी तुला किती छळलं. ताटावर डावा हात आला की मारलं. पाटीवर डाव्या हातानं लिहायचीस म्हणून तो हात आईच्या पदराच्या चिंधीनं पाठीमागं बांधून बसवलं, आणि तू रडत रडत उजव्यानं गिरवलंस. तुझं अक्षर अजून वाकडं येतं. मी प्रत्येक पत्राला हसायचो. पाना मात्र तू माझी पाठ वळली की डाव्यातच धरायचीस, आणि तुझ्या हातचं एकही चाक आऊट, म्हणजे लंगडं, निघालं नाही. माझं चुकलं, पोरी. साफ चुकलं.

आता जे सांगायला हे पत्र लिहायला घेतलं ते सांगतो. तुझ्या पत्राला मी उत्तर दिलं नाही असं तुला वाटत असेल. दिलं होतं. तिसऱ्याच दिवशी, तुला नाही, थेट तुझ्या सासऱ्यांना, कृष्णातरावांना. मुलगी डावरी आहे, तिचा हात यंत्रावर चालायचा नाही, बोट जाईल, परवानगी देऊ नये, असं लिहिलं. तुझ्या आईला ते कळलं तेव्हापासून ती गप्प आहे. व्याह्यांनी ते तुला दाखवलं की मनात ठेवलं, मला माहीत नाही. सोबत त्यांच्यासाठी दुसरी चिठ्ठी घातलीय. तिच्यात लिहिलंय की पहिलं पत्र एका अडाणी मिस्त्रीनं लिहिलं होतं, ते फाडून टाकावं. माझी मुलगी माझ्यापेक्षा चांगली कारागीर आहे आणि तिला लेथवर जाऊ द्यावं ही माझी हात जोडून विनंती आहे. चिठ्ठी त्यांना देताना उजव्या हातानं दे, सासरे आहेत. अर्जावर सही मात्र डाव्यानं कर.

तुझाच,
आबा