देवाला 'तुम्ही' म्हणणारी मुलगी

पप्पा,

तुमच्याशी निवांत बोलायला मी कधी बसलेच नाही, आणि आता बसलेय तर तुम्हाला जाऊन एकवीस वर्षं झाली. बसलेय म्हणजे काय, बसवलंय. उजवा गुडघा बदलला माझा. तुमच्या नातीने, माझ्या लेकीने, बदलापूरच्या घरात, मांजर्लीला, मला गॅलरीतल्या खुर्चीत बसवून दम दिलाय की ती ऑफिसातून येईपर्यंत उगाच उठबस करायची नाही. पाच रविवार झाले, चर्चला गेले नाही. तुम्ही गेल्यापासून प्रभुभोजनाच्या द्राक्षरसाचे छोटे पेले मीच धुते, वेदीवरचं कापड मीच धुऊन इस्त्री करते, नाताळच्या करंज्या मीच तळते. आता ते सगळं मंडळीतल्या दुसऱ्या बायका करतात, आणि छान करतात मेल्या, माझ्यावाचून काही अडत नाही. त्याचाही राग नाही. अडचण वेगळीच आहे. माझी प्रार्थना होत नाहीये. डोळे मिटले की वाटतं, रिकाम्या हाताने कुठल्या तोंडाने जायचं देवासमोर? पाळकसाहेब घरी येऊन प्रार्थना करून गेले. मी आमेन म्हटलं, पण तेवढंच म्हटलं.

हे असं का होतंय याचा विचार करता करता मी थेट अंबरनाथला, आपल्या बुवापाड्याच्या खोलीत जाऊन पोचले. मी आठ वर्षांची आहे. शब्बाथ शाळेत, म्हणजे चर्चमधल्या रविवारच्या वर्गात, सगळी मुलं 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' ही प्रभूची प्रार्थना म्हणतायत. सगळे 'तुझे' म्हणतात आणि मी एकटीच खणखणीत आवाजात 'तुमचे' म्हणते. स्वर्गातला असला तरी बापच ना तो, बापाला कुणी अरे-तुरे करतं का? पोरं फिदीफिदी हसली. बाईंनी चर्चच्या फाटकातच तुम्हाला सांगितलं. आपण घरी आलो. आई ओट्याशी पोळ्या करत होती. चपला काढता काढता तुम्ही म्हणालात, "देवाला तू म्हणायचं. लिहिलंय तसं." मी विचारलं, "मग तुम्हाला पण तू म्हणू?" आईचा हात तव्यावरच थांबला. "जास्त शहाणपणा करू नकोस," एवढं बोलून तुम्ही मोरीत गेलात. तिथे तोंड धुताना तुम्ही हसत होतात, असं आईने पुढे खूप वर्षांनी सांगितलं. माझ्यासमोर हसला असतात तर काय बिघडलं असतं?

तुम्ही तसेच होतात. कारखान्यात फिटर. शनिवारी घरी आलात की रॉकेलचा बोळा घेऊन नखांतलं ग्रीस घासत बसायचात, कारण दुसऱ्या दिवशी त्याच हातांनी बायबल धरायचं असायचं. दर जूनमध्ये मला जुन्या पेपरावर उभं करून पेन्सिलने पावलाची रेघ काढायचात आणि तो कागद घडी घालून खिशात टाकून एकटेच उल्हासनगरला, तुमच्या ठरलेल्या सिंधी दुकानदाराकडे जायचात. मला न्यायचा नाहीत, मी लाल सँडलसाठी हट्ट धरीन म्हणून. आणायचात ते काळे, आणि एक बोट मोठे. मी तोंड वाकडं केलं की "वाढता पाय आहे," बस. पण रेघ काढताना पाय हलू नये म्हणून तुम्ही माझा घोटा हातात धरायचात. तुम्ही मला कधी जवळ घेतलेलं आठवत नाही, तो हात मात्र आठवतो. मी मुद्दाम हलायचे. हललं की तुम्ही आणखी घट्ट धरायचात.

प्रेम म्हणजे हेच, असं मी धरून चालले. बोलायचं नाही, करायचं. आणि समोरच्याने केलेलं ओळखून घ्यायचं, विचारायचं नाही. देवही मला तसाच दिसत आला, पप्पा. ड्युटीवरून दमून आलेला, फार बोललेलं न आवडणारा, आपण आपलं काम चोख केलं की मनातल्या मनात खूश होणारा. म्हणून मी पेले घासत राहिले. वाईट नव्हतं ते. मला त्यात खूप आनंद मिळाला, खोटं कशाला बोलू?

तुमची नात वेगळीच निघाली. सकाळी केस विंचरता विंचरता ती प्रार्थना करते. "येशू, तू ना आज मला सांभाळून घे. बॉस का मूड ठीक रखना. आणि मम्मीचा गुडघा बघ जरा, ती ऐकत नाही." परवा मला राहवलं नाही. म्हटलं, "देवाशी असं बोलतात? शेजारणीशी बोलल्यासारखं?" कंगवा तसाच केसांत ठेवून ती म्हणाली, "मम्मी, तू आजोबांना घाबरायचीस. मी तुला घाबरत नाही. तेवढाच फरक आहे." मला आधी राग आला. ती गेल्यावर रडू आलं, आणि मग बरं वाटलं. मी तिला कधी 'तुम्ही' म्हणायला लावलं नव्हतं. म्हणजे तिच्या त्या 'तू'त माझाही थोडा हात आहे की.

आता जे सांगायला लिहायला घेतलं, ते सांगते. तुम्ही अंथरुणाला खिळला होतात तेव्हाची एक दुपार. आई बाजारात गेली होती. तुम्ही गादीवर हाताने थोपटलंत आणि म्हणालात, "बस इथे जरा." आयुष्यात पहिल्यांदा. मी म्हटलं, "आधी पेज करून आणते," आणि स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. पेज सकाळीच झाली होती, पप्पा. मी झाकण काढलं, ढवळली, परत झाकण ठेवलं. तुमच्याजवळ नुसतं बसून काय करायचं ते मला येत नव्हतं, मी घाबरले. बाहेर आले तेव्हा तुमचा डोळा लागला होता. पुन्हा तुम्ही म्हणाला नाहीत. तुम्हाला माझ्याकडून काही करून नको होतं, मीच हवी होते, हे कळायला मला गुडघा बदलावा लागला. आणि हे कळल्यावर पाठोपाठ दुसरं आलं. देवही इतकी वर्षं गादीवर थोपटत असेल का, आणि मी आपली पेले धुतेय?

काल संध्याकाळी पुन्हा डोळे मिटले. पोरीसारखं 'तू' म्हणून पाहिलं. जीभ वळली नाही. मग म्हटलं, राहू दे. माझ्या 'तुम्ही'त काही माया कमी नाही, इतकी वर्षं तुम्हाला तेच म्हणत होते ना. देवाला म्हटलं, "आज माझ्याकडे काही नाही. तुम्ही बसा, मी पण बसते." आणि बसले. काही मागितलं नाही, कशाबद्दल माफी मागितली नाही. कितीतरी दिवसांनी छातीवरचं ओझं उतरलं.

हे पत्र मी फाडून टाकणार आहे, पोरीच्या हाती लागलं तर महिनाभर चिडवेल. फक्त तुम्हाला म्हणून सांगते, काल बसले ती देवासमोर, पण पहिली दहा मिनिटं बोलत होते तुमच्याशीच. त्यांनी ऐकून घेतलं.