ताटलीखालची चिठ्ठी

२ नोव्हेंबर

चि. बडबडीस,

दादाचे आशीर्वाद, आणि आईचे त्याहून जास्त. ती शेजारीच बसलीये आणि दर ओळीला "काय लिहिलंस, काय लिहिलंस" करतेय. आम्ही दोघंही बरे आहोत. तिचा उजवा गुडघा दुखतो, पण डावा ठणठणीत आहे असं ती येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगते. पत्राला कारण आहे, पण ते सावकाश सांगतो. आधी इकडचं तिकडचं.

तुझी रोपं कशी आहेत? आई म्हणते, तू दिवसभर कुंड्यांत माती भरतेस आणि कुणाशी चकार शब्द बोलत नाहीस. मला काही पटत नाही. शाळेत बाईंनी तोंडावर बोट ठेवून उभं केलं तर बोटामागून बोलायचीस तू. माणसांना नाही तर नाही, निदान झाडांना तरी टोमणे मारत असशील.

माझं ऑफिस तेच, जिन्याखालचं. उठताना डोकं आपटतं, तेही तसंच. धंदा बरा चाललाय. लोक जेवतात आणि जेवल्यावर त्यांना हसवायला कुणीतरी लागतं, यात काही फरक पडलेला नाही. जेवणानंतर भाषण करणारी चांगली माणसं मात्र आता मिळत नाहीत. सध्या माझ्याकडे एक गिर्यारोहक आहे. वीस वर्षांपूर्वी तो एक शिखर चढला, अजून खाली उतरलेला नाही. एक माजी गोलकीपर आहे, त्याच्या भाषणात दर वेळी एक गोल वाढतो. टीव्हीवर बातम्या द्यायच्या त्या बाई आहेत. त्या विनोदही अशा चेहऱ्याने सांगतात की लोकांना वाटतं कुठेतरी पूर आलाय. आणि एक नवीन विनोदवीर धरलाय, तो स्वतःच आधी हसतो. तेवढं बरं, लोकांना कुठे हसायचं ते कळतं.

तुझ्यासारखं कुणी नाही गं. मस्का लावत नाहीये. बरं, लावतोय थोडा. तू उठायचीस, पाण्याचा घोट घ्यायचीस आणि यजमानाकडे अशी बघायचीस की जणू त्याच्या घरातली एखादी गोष्ट तुला सापडलीये. अजून एक शब्दही बोललेली नसायचीस आणि मागची टेबलं हसायला लागलेली असायची.

यजमानांच्या माहितीचा आपला तो कागद अजून तसाच आहे. डावीकडे 'चिमटा चालेल', उजवीकडे 'हात लावू नये'. फक्त आता मी दर वेळी कोरा कागद भरून घेतो आणि जेवणाच्या दिवशी सकाळी यजमानांच्या ऑफिसात दोनदा फोन करतो. त्या लोकांना कंटाळा येतो, येऊ दे. आणखी एक खूळ लागलंय मला. वक्ता उठला की हॉलची दारं आतून लावून घ्यायला सांगतो. कुणी विचारलं तर म्हणतो, बाहेरचा आवाज येतो.

तर कारण. पंपवाले साहेब आले होते.

हो, तेच. स्वतः आले, माझ्या बिळात वाकून शिरले आणि स्टुलावर बसले. पंपांचा कारखाना पुतण्याच्या हाती देऊन मोकळे होताहेत. १२ डिसेंबरला निरोपाचं जेवण आहे, त्याच हॉलमध्ये. त्यांना तू हवी आहेस. मी गिर्यारोहक सांगितला, गोलकीपर सांगितला, ते नुसती मान हलवत राहिले. म्हणाले, "नाही, त्या बाईच."

बोलावून अपमान करायचा बेत असेल असं मनात आणू नकोस. माणूस थकलाय, आवाजही खाली गेलाय. त्यांच्या मनात राग नाही, हे मी शपथेवर सांगतो. नऊ वर्षं झाली त्या गोष्टीला. मी तेव्हाही तुला म्हटलं होतं, असं होतं कधी कधी, गडबडीत एखादी चिठ्ठी नाही दिसत माणसाला, एवढं लावून घ्यायचं नसतं. त्याबद्दल आता जास्त लिहीत नाही. आई वाचायला मागतेय.

हो म्हण. एका शब्दाचं कार्ड टाकलंस तरी पुरे. बाकी सगळं मी बघतो.

तुझा,
दादा


१९ नोव्हेंबर

बडबडे,

तुझं कार्ड मिळालं. आईसाठी पाठवलेला पट्टाही मिळाला. तिने तो आधी डाव्या गुडघ्याला बांधून बघितला.

कार्डावर तू लिहिलंयस: "दादा, साहेबांना माझा नमस्कार सांग. ज्या बाईला हातभर अंतरावरची चिठ्ठी दिसली नाही, तिने पुन्हा कुणाच्या जेवणात तोंड उघडू नये. तुझं काही चुकलं नाही. तू सांगितलं होतंस."

तीन दिवस ते कार्ड शर्टाच्या खिशात घेऊन फिरलो. "तू सांगितलं होतंस." आज आईला मुद्दाम मावशीकडे पाठवलंय. दार लावून लिहायला बसलोय.

ती संध्याकाळ तुला पाठ आहे, मला माहितीये. पण तुला ती टेबलावरून माहीत आहे. मी वाढप्यांच्या दाराशी उभा होतो, तिथून काय झालं ते ऐक.

त्याच्या आदल्या वर्षीच्या जेवणात तू साहेबांच्या लेकीला चिमट्यात धरलं होतंस. एकोणीस वर्षांची पोरगी, सगळ्यांचं सूप संपल्यावर धावत आली, केसांत एक पिन आणि तोंडात दुसरी. तू तिच्या उशिरा येण्यावर वीस मिनिटं बोललीस. ती सगळ्यांत जास्त हसत होती. त्याच दिवशी साहेबांनी पुढच्या वर्षासाठी तुला ठरवून टाकलं. मग ते वर्ष आलं. मी नवा कागद भरून घेतला नाही. त्यांना फोनही केला नाही. जुना कागद काढला, तारीख खोडून नवी घातली आणि तुझ्या हातात ठेवला. "काही बदल?" तू विचारलंस. मी म्हणालो, "पंपांत काय बदलणार?"

तुझी गाडी उशिरा आली, तू थेट टेबलावर जाऊन बसलीस, साहेबांपासून सहा खुर्च्या लांब. सूप वाढत होते तेव्हा त्यांच्या ऑफिसातल्या मॅनेजरबाई माझ्याजवळ आल्या. हळू आवाजात म्हणाल्या, "साहेबांची मुलगी आठ महिन्यांपूर्वी गेली. अपघात झाला. तुम्हाला कळलंच असेल. बाईंना कल्पना दिलीये ना?"

मी म्हणालो, "हो, अर्थात."

सूप ते भाषण म्हणजे पाऊण तास होता माझ्या हातात. खिशात पेन होतं, वही होती. चार शब्द लिहून वाढप्याच्या हातात द्यायचे होते. मी लिहिले नाहीत. कारणं बरीच देता येतील. तुझं अर्धं भाषण त्या पोरीवर होतं, तू कळल्याबरोबर उठून निघून गेली असतीस. मॅनेजरबाईंना कळलं असतं की मी वर्षभरात साधी चौकशी केली नाही. हॉलमध्ये दुसऱ्या दोन कंपन्यांचे लोक खास तुला ऐकायला आले होते. मी मनाशी म्हटलं, पोरगी दिसत नाही हे हिच्या लक्षात येईलच, हुशार आहे, वळवून घेईल. हे सगळं खरं आहे. पण खरं सांगू का, मी घाबरलो आणि गप्प बसलो. बाकी काही नाही.

मग तू उठलीस. घोट घेतलास. साहेबांकडे बघून म्हणालीस, "आपली कन्या अजून आरशासमोरच आहे का? की या वर्षी कॉफीसुद्धा चुकवणार?"

तुला आठवतंय की हॉल गप्प झाला. मला दुसरंच आठवतं. साहेब हसले. कसनुसं नाही, मनापासून हसले, आणि मान वळवून दाराकडे बघायला लागले. ते वळले म्हणून त्यांच्या बाजूचे वळले, मग सगळा हॉल. दीड-दोनशे माणसं दाराकडे बघत होती. आणि दार उघडलं. कॉफीचे कप घेऊन वाढपी आला होता, एवढंच. पण साहेब खुर्चीतून अर्धे उठले होते. त्यांच्या बायकोने त्यांची बाही धरली आणि खाली बसवलं.

त्या अर्ध्या उठलेल्या माणसाने नऊ वर्षं माझी पाठ सोडलेली नाही. कुठलंही जेवण असो, वक्ता पाण्याचा घोट घेतो आणि माझी मान आपोआप दाराकडे वळते. वाटतं, आता उघडेल आणि या वेळी कॉफी नसेल. दारं मी त्यासाठी लावून घेतो. आवाजबिवाज काही येत नाही बाहेरून.

आता जे लिहायचंय त्यासाठी मी चार पानं फाडली.

तू भाषण अर्धवट टाकून बाहेर आलीस. पांढरीफटक पडली होतीस. "दादा, तुला माहीत होतं?" असं विचारलंस. मी तोंड उघडलं आणि त्यातून बाहेर आलं, "अगं, चिठ्ठी पाठवली होती ना मी! वाढप्याने तुझ्या ताटलीखाली ठेवली होती."

आधीपासून ठरवून नाही बोललो. पण बोललो.

तू म्हणालीस, "मला दिसली नाही." आणि परत आत गेलीस. तोवर टेबलं आवरली होती. तू भांडी घासायच्या खोलीत गेलीस, खरकट्या ताटल्या एकेक करून उलट्या केल्यास. मग फरशीवर गुडघे टेकलेस आणि धुवायला काढलेल्या नॅपकिनच्या ढिगातला एकेक नॅपकिन झटकत बसलीस. मी दारात उभा होतो. तू वर बघून म्हणालीस, "दादा, तू त्या टोपलीत बघ ना."

आणि मी बघितलं. बडबडे, मी बाही वर करून त्या टोपलीत हात घातला आणि तुझ्याबरोबर ती चिठ्ठी शोधली. जी मी लिहिलीच नव्हती ती. चांगली वीस मिनिटं शोधली. एकदा तर म्हणालोसुद्धा, "सूप सांडून भिजली असेल, शाई गेली असेल." तू उलट मलाच म्हणालीस, "त्या वाढप्याला रागावू नकोस हं, त्याचा काय दोष?" मला लाज वाटायला हवी होती. वाटली नाही. सुटल्यासारखं वाटलं. लाज मागून आली, ती अजून गेली नाही.

साहेबांचंही पूर्ण सांगितलं नव्हतं मी तुला. स्टुलावर बसून ते जे म्हणाले ते असं: "ती गेल्यावर लोकांनी माझ्यासमोर तिचा विषयच बंद केला. घरातसुद्धा. आणि त्या बाई आपल्या सहज विचारून गेल्या, आरशासमोर आहे का म्हणून. मला वाटलं, येईल आता. आठ महिन्यांत तेवढं अर्धं मिनिट ती फक्त उशिरा येणार होती. मला ते पुन्हा ऐकायचंय. त्यांनी तसंच विचारावं, त्याच शब्दांत." असं कुणी मागतं का? आणि मी मूर्ख, नेहमीच्या सवयीने म्हणालो, "हो, अर्थात."

आज सकाळी मी कारखान्यात जाऊन त्यांना सगळं सांगितलं. मॅनेजरबाई, वही, टोपली, सगळं. ते बराच वेळ टेबलावरचे कागद सारखे करत बसले. मला वाटलं, आता हाकलतील. ते म्हणाले, "माझं राहू द्या. बहिणीला सांगितलंत?"

मी म्हणालो, "नाही."

"अहो, ती अजून शोधत असेल."

शोधतेस. मला माहितीये. गेल्या वर्षी मावशीकडे जेवायला बसलो तेव्हा तू वाढण्याआधी ताटली किंचित उचललीस आणि खाली नजर टाकलीस. मावशीला वाटलं ताटली ओली राहिली, ती फडकं घेऊन आली. मी पाण्याचा पेला तोंडाला लावला आणि खिडकीबाहेर बघत राहिलो.

तर आता नीट वाच. चिठ्ठी नव्हती. ताटलीखाली नव्हती, नॅपकिनमध्ये नव्हती, कुणी टाकली नाही, भिजली नाही. तुझ्या नजरेतून काहीही सुटलं नाही. चूक माझी होती आणि ती मी तुझ्या पदरात टाकली. तू स्टेज सोडलंस, बोलणं सोडलंस आणि मी सगळ्यांना सांगत राहिलो, "तिने फार मनाला लावून घेतलं हो."

१२ तारखेला जायचं की नाही, ते वाक्य बोलायचं की नाही, हे तू आणि साहेब बघून घ्या. त्यांचा नंबर मागच्या बाजूला लिहिलाय. माहितीचा कागद त्यांच्याकडूनच घे, माझ्याकडून नको. मी त्या दिवशी हॉलमध्ये नसेन. नाही म्हणायचं असलं तर खुशाल म्हण, पण त्या चिठ्ठीपायी म्हणू नकोस.

आई रात्री परत येईल. तिला मी आजच सांगणार आहे, मावशीलाही. तुला आता कुणाला काही समजावत बसावं लागणार नाही.

खाली नेहमीसारखं 'तुझा दादा' लिहायला गेलो, पण हात चालेना. 'दादा' अशी हाक तुझ्याकडून पुन्हा ऐकेपर्यंत ते लिहिणार नाही. म्हणून खाली सही नाही.