पाटीवर १८२४, टाकीत दुसरंच

४ मार्च, सोमवार. सकाळी ९.४०
आजपासून मी टँकर डेपोचा सुरक्षा अधिकारी. मालकांनी सगळ्या स्टाफसमोर जाहीर केलं की हे काम तुम्हीच घ्या, तुमच्या टेबलावर तसंही काही नसतं. म्हणजे माझं टेबल किती आवरलेलं असतं, हे त्यांच्या नजरेत होतं तर! चौदा वर्षांनी कुणीतरी दाद दिली.
टाळ्या वाजल्या नाहीत. सगळे भारावले असावेत.
एकच जण हसला. डेपोतला सगळ्यात जुना ड्रायव्हर. गळ्यात कायम दुर्बीण अडकवून हिंडतो, म्हणून त्याला सगळे दुर्बीणच म्हणतात. मी विचारलं, पक्षी बघतोस का रे? तर म्हणाला, नाही साहेब, पाट्या बघतो. रस्त्यात केमिकलचा टँकर उलटला असला तर जवळ न जाता नंबर वाचता येतो.
भित्रा माणूस.
संकल्प : महिनाअखेर सगळे केमिकल नंबर पाठ. पांढरं हेल्मेट, त्यावर पुढून-मागून पदनाम. दुर्बिणीची दुर्बीण बंद.

६ मार्च, बुधवार. संध्याकाळी
मेहुणा आला होता. बायकोचा धाकटा भाऊ, फायर ब्रिगेडमध्ये ऑफिसर. माझ्या पदाची बातमी सांगितल्यावर अभिनंदन करायचं सोडून त्याने विचारलं, "भाऊजी, टँकरवरची पाटी वाचता येते ना?" मला! मी सांगितलं की नारंगी पाटीवर वरचा आकडा धोका कसला ते सांगतो आणि खालचा चार आकडी नंबर माल कोणता ते. (दुपारीच वाचलं होतं.)
मग त्याने अर्धा तास डोकं खाल्लं. म्हणे, अपघात दिसला की पहिलं काम म्हणजे धावायचं नाही. वारा पाठीवर घ्यायचा, लांब थांबायचं, नंबर वाचायचा, फोन करायचा, लोकांना वाऱ्याच्या आडव्या दिशेने हलवायचं. वास घेऊन ओळखायला जायचं नाही.
थोडक्यात काय, पगार घ्यायचा आणि लांब उभं राहायचं. याला हे लोक शास्त्र म्हणतात. बायको त्याला तिसऱ्यांदा आग्रह करत होती. मला मीठ दोनदा मागावं लागलं.

९ मार्च, शनिवार
अकरा नंबर पाठ. १८२४ म्हणजे कॉस्टिक सोड्याचं पाणी, १७८९ म्हणजे हायड्रोक्लोरिक ॲसिड. की उलट?
तपासलं. उलट नाही.
आजचा हुकूम : मालाचे कागद यापुढे टँकरच्या केबिनमध्ये ठेवायचे नाहीत. त्यांच्यावर चहाचे डाग पडतात. सगळे कागद ऑफिसच्या कपाटात, किल्ली माझ्याकडे. दुर्बीण लगेच बोलला की साहेब, ते कागद आपल्यासाठी नसतातच, मदतीला येतो त्याच्यासाठी असतात. मी म्हटलं, मदतीची वेळच येऊ द्यायची नाही हे माझं धोरण आहे.  त्याने आपले कागद आणून माझ्या टेबलावर ठेवले.
त्याला सरळ करायला किती दिवस लागतील? अंदाजे दहा.

१४ मार्च, गुरुवार. दुपारी ३
पहिली ड्रिल यशस्वी.
मी शिट्टी वाजवली आणि सगळ्यांनी शेडच्या मागे जमायचं असं ठरलं होतं. जागा मी निवडली. सावली आहे. गेट आणि कँटीन सोडून सगळे आले. दुर्बिणीने सगळ्यांदेखत मूठभर धूळ उचलून हवेत सोडली. ती सरळ आमच्या तोंडावर आली. म्हणाला, टाक्या त्या बाजूला आहेत, वारा तिकडून येतो, म्हणजे गळलेला गॅस पहिला इथेच येणार. स्टाफ हसला. माझ्या डोळ्यात धूळ गेली होती म्हणून मला लगेच उत्तर देता आलं नाही. नाहीतर दिलं असतं.
शिस्तभंगाची नोटीस तयार करून ठेवली आहे. तारीख फक्त टाकायची बाकी.
आणखी एक. टँकरांच्या पाट्या अगदी फिकट झाल्यात. सगळ्या पेंटरकडून नव्याने रंगवून घ्यायच्या. सुरक्षितता दिसलीसुद्धा पाहिजे.

१८ मार्च, सोमवार. सकाळी ८.२०
पाट्या झगमगताहेत. सहाच्या सहा मी काल रात्री स्वतःच्या हाताने बसवल्या. मालक गाडीतून उतरतानाच म्हणाले, अरे वा. (हे बहुधा फोनवर कुणाला तरी म्हणाले. पण बघत पाट्यांकडेच होते.)
आणि याला बघवलं नाही! दुर्बीण गेटपाशी गाडी थांबवून खाली उतरला. म्हणाला, माझ्या टाकीत ॲसिड आहे आणि पाटी लागली आहे १८२४ची. माझी पाटी दुसऱ्या गाडीला गेली. ती गाडी पहाटेच निघून गेलेली. आता पेंटरला कुठून आणू?
मी म्हटलं, दोन तासांचा रस्ता आहे, संध्याकाळी बदलू. तो म्हणाला, चुकीच्या पाटीने मी गाडी काढणार नाही. म्हणाला, "पाटी नसली तर लोक निदान घाबरून लांब राहतात साहेब. खोटी असली की जवळ येतात."
गेटवर चार माणसं ऐकत होती. मी सांगितलं, काढणार नसशील तर किल्ली दे आणि घरी जा, उद्यापासून येऊ नकोस. त्याने हातातल्या किल्लीकडे बघितलं. मग केबिनमध्ये चढला आणि गाडी काढली.
दहा दिवस लागतील असं म्हटलं होतं. नऊच लागले.

त्याच दिवशी. ८.५५
फोन आला. दुर्बिणीचा टँकर उलटलाय. बायपासवर, मोठ्या लॉन्ड्रीसमोर. अखेर!
म्हणजे, दुर्दैवाने.
हेल्मेट घेतलं. निघतो.

२० मार्च, बुधवार. हॉस्पिटल
वही बायकोने आणून दिली. घसा बंद आहे, हात चालतो. घटनाक्रम व्यवस्थित लिहून ठेवणं आवश्यक आहे, कारण लोक काहीबाही बोलणार.
मी पोचलो तेव्हा टँकर कुशीवर पडला होता. एक कार अचानक आडवी आली म्हणून त्याने गाडी कडेला घातली होती, असं कळलं. टाकीच्या झाकणातून पांढरा धूर निघून रस्त्याला चिकटून सरपटत होता. दुर्बीण कपाळाला रुमाल बांधून बराच अलीकडे, वारा पाठीवर घेऊन उभा होता. दोन्हीकडची वाहनं त्याने थांबवली होती. लॉन्ड्रीतल्या बायकांना मागच्या दाराने बाहेर काढून शेतातून आडवं पाठवलं होतं. फायर ब्रिगेडलाही त्याने कळवलं होतं. म्हणजे माझी सगळी कामं त्याने माझ्या आधी उरकली होती. माणसाला जागा दाखवायची ही पद्धत झाली का?
मी फायर ब्रिगेडच्या कंट्रोल रूमला अधिकृत फोन केला. त्यांनी विचारलं, पाटीवर काय आहे? मी वाचून सांगितलं, १८२४. त्यांनी विचारलं, ड्रायव्हर ॲसिड म्हणत होता, नक्की काय? आता माझ्याच डेपोच्या गाडीवर चुकीची पाटी आहे, हे मी फोनवर कसं सांगणार? फोन रेकॉर्ड होतात. मी म्हटलं, ड्रायव्हरला धक्का बसलाय, पाटीप्रमाणे चला. कागद कुठे आहेत असं विचारलं. मी म्हटलं, अत्यंत सुरक्षित आहेत.
दुर्बीण ओरडत होता, "ॲसिड आहे! त्यांना ॲसिड सांगा!" मी फोनवर हात ठेवला.
ॲसिडच्या तयारीने निघालेली मोठी गाडी त्यांनी वाटेतून परत बोलावली, हे मला आज कळलं. साधी गाडी पाठवली.
मग मी विचार केला की पाटी तेवढी काढून आणावी. पुरावा नीट ठेवणं हे सुरक्षा अधिकाऱ्याचं काम आहे. खिशात स्क्रू ड्रायव्हर होता. तोंडाला रुमाल बांधला आणि निघालो. दुर्बीण मागून हाका मारत होता. पंचवीस पावलं गेलो असेन. नंतर कुणीतरी घशात तापलेली सळई घातली. डोळे मिटले ते उघडेचनात. पाटीचा एकही स्क्रू निघाला नाही.
पुढचं मला आठवत नाही. सांगतात ते असं की दुर्बीण आत आला. स्वतःच सगळ्यांना लांब ठेवणारा माणूस, आत आला. मला बगलेत धरून ओढलं. बाहेर पडायला थोडं राहिलं तेव्हा तोच कोसळला, पण आधी मला ढकललं.
नंतर मेहुण्याची गाडी आली. त्याने लांबूनच धूर बघून ओळखलं की पाटी खोटी आहे, कॉस्टिकचा असा धूर निघत नाही. मोठी गाडी पुन्हा मागवली. आम्हाला दोघांना रस्त्यावरच कपडे काढून वीस मिनिटं पाण्याखाली धरलं. लॉन्ड्रीतल्या बायका शेताच्या बांधावरून बघत होत्या. त्यांच्यातली एक म्हणाली म्हणे, की आम्हीसुद्धा इतकं घासून धूत नाही.

२२ मार्च, शुक्रवार. ११.१५
दुर्बीण शेजारच्याच खाटेवर आहे. फुप्फुसात पाणी झालंय. एक डोळा बांधलेला. डॉक्टरांनी त्याला बोलायची बंदी केली आहे.
माझा आवाज आज थोडा फुटला, तेवढ्यात चौकशी अधिकारी बाई आल्या. त्यांनी विचारलं, पाटी चुकीची आहे हे गाडी निघण्याआधी कुणाच्या लक्षात आलं होतं का? मी म्हटलं, नाही. आणि पाट्या बसवल्या कुणी? मी म्हटलं, आपापली पाटी तपासणं ही प्रत्येक ड्रायव्हरची जबाबदारी असते. हे काही खोटं नाही. असतेच.
बाई लिहीत होत्या. दुर्बीण उघड्या डोळ्याने माझ्याकडे बघत होता. त्याचं तोंड उघडलं, पण नुसता खोकला आला. बाईंनी त्याला सांगितलं, तुम्ही त्रास घेऊ नका.
जबाब चांगला झाला. मुद्देसूद.

२२ मार्च. दुपारी ४
त्याची बायको येऊन बसली आहे. तिने मला विचारलं, तुम्हाला आता बरं आहे ना? यांनी तुम्हाला बाहेर काढलं असं कळलं. मी मान हलवली. एवढं विचारायची काही गरज होती का? मुद्दाम विचारतात.
डॉक्टर तिला सांगत होते की जीव वाचला, पण जड गाडी पुन्हा चालवता येईल असं दिसत नाही. तिने विचारलं, मग हे करतील काय? डॉक्टर पुढच्या खाटेकडे गेले.

२३ मार्च, शनिवार
बायको डबा घेऊन आली. डबा उघडला नाही. म्हणाली, "काल तुम्ही झोपल्यावर मी तुमची वही वाचली."
मी घोगऱ्या आवाजात सांगितलं की रोजनिशी ही खाजगी गोष्ट असते. ती म्हणाली, अठरा तारखेचं पान दोनदा वाचलं. शिवाय तिचा भाऊ त्या साध्या गाडीवर होता. पाटीवर विश्वास ठेवून तो जवळ गेला असता तर, असं तिने विचारलं.
म्हटलं, गेला नाही ना पण.
तेव्हा ती उठून उभी राहिली. चौदा तारखेला सगळे हसले ते मला सहन झालं होतं, तसं हे होईना. ती आवाज न चढवता म्हणाली, "अहो, तुम्ही सांगणार आहात की मी सांगू?"
विचार करायला वेळ मागितला. तिने सोमवारपर्यंतचा दिला. डबा परत नेला.

२४ मार्च, रविवार
विचार केला. पेंटरने नंबर उलटसुलट केले असते तर दोष पेंटरचा असता. पण त्याने बरोबरच लिहिले होते. बसवल्या मी.
वारा? कार? ऊन?
काहीच पुरत नाही.
मेहुणा येऊन गेला. माझ्या खाटेला वळसा घालून दुर्बिणीजवळ बसला, त्याचा हात धरून बराच वेळ बोलला. जाताना मला म्हणाला, ताईसाठी विचारतो, काही हवंय का? मी नाही म्हटलं.

२५ मार्च, सोमवार. १२.३०
चौकशीच्या बाईंना बोलावून घेतलं. जबाब नव्याने दिला. मालकांचा फोन मध्येच आला, तो घेतला नाही. पहिला जबाब तीन पानांचा झाला होता. हा सहा ओळींचा. पाट्या मी बसवल्या. ड्रायव्हरने गेटवर सांगितलं. मी त्याला नोकरीची धमकी देऊन पाठवलं. कंट्रोल रूमला खोटं सांगितलं. पाटी लपवायला आत गेलो. त्याने मला बाहेर काढलं.
बाईंनी विचारलं, आणखी काही? आणखी काही नव्हतं.
त्या गेल्यावर खाटेवरून उतरलो. दुर्बिणीजवळच्या स्टुलावर जाऊन बसलो आणि त्याला सहाही ओळी वाचून दाखवल्या. तो भिंतीकडे तोंड करून पडून होता. मी म्हटलं, हे सगळं मी लेखी दिलंय. मी म्हटलं, कबूल करायला हिंमत लागते. मी म्हटलं, तुझ्याबद्दल मालकांशी मी स्वतः बोलेन, माझ्या शब्दाला अजून—
त्याला बोलायची बंदी आहे. तरी तो बोलला. एकेक शब्द खरवडून काढल्यासारखा.
"साहेब. आता गप्प बसा."
बसलो.