सिसेरूची हाक

एजवेअर, लंडन

प्रिय गिरीश,

एका पोपटापायी काय काय खर्ची पडलं ते आधी सांगतो: एक बूट (चिखलाने ठेवून घेतला), डावा गुडघा आणि सुनेत्राचं तीन दिवसांचं बोलणं. आता रीतीप्रमाणे विचारतो, शुगर कशी आहे? नागपूरचे पक्षी अजून तुला ओळख देतात ना?

आम्ही कॅरिबियनमधल्या डॉमिनिकाला जाऊन आलो. (डॉमिनिकन रिपब्लिक निराळं. हे मला ट्रॅव्हलवालीने लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं.) बेट म्हणजे नुसते हिरवे डोंगर, सपाट जागा विमानतळापुरती. पहिल्या दिवशी तीन तास चढून उकळतं तळं पाहिलं. खरंच उकळतं रे! राखाडी पाणी, मधोमध बुडबुडे, वर वाफ. लोकांच्या बॉयलरचे बिघाड नुसत्या आवाजावरून ओळखून मी धंदा उभा केला, तेव्हा काठावर कान देऊन उभा राहिलो. सुनेत्रा म्हणाली, "अहो, चला. त्याचं सर्व्हिसिंग तुमच्याकडे नाहीये."

दुसऱ्या दिवशी पहाटे सिसेरूच्या शोधात. हा जांभळ्या छातीचा पोपट त्यांच्या झेंड्यावर आहे, आणि जगात दुसरीकडे कुठे नाही. आमच्या इथल्या मराठी मंडळाला पद्माकररावांनी आपले केनियाचे सिंह पडद्यावर तीनदा दाखवलेत, त्यामुळे पोपट मिळवणं भाग होतं. दोन तास चाललो. हमिंगबर्ड कानाशी घुंई करून गेला, एक अगूती (घुशीसारखा, पण चेहऱ्याने सज्जन) येऊन गेला; पोपट नाही. मी फोनवर रेकॉर्डिंग चालूच ठेवलं होतं. आणि मागून आलं, "कर्र-रँक!" सगळा ग्रुप वळला. "सिसेरू!" मी म्हणालो, "चाळीस फुटांवर." गाईड नुसता बघत राहिला. सुनेत्रा काहीतरी सांगायला लागली, तिला मी "श्श" केलं. (तीन दिवसांचं बोलणं गेलं ते इथे.) गाईड तर इतका भारावला, की आमच्यातला मूठभर चिवडा मागून घेतला. हा कान आजवर चुकलेला नाही, तुला ठाऊक आहे.

शनिवारी मंडळात माझं व्याख्यान आहे, क्लिपसह. पद्माकररावांनी पहिल्या रांगेतली खुर्ची सांगून ठेवली आहे.

तुझा,
शशिधर

ता. क. क्लिप फोनवर पाठवतोय. तू पक्ष्यांतला जाणकार. "हा सिसेरूच" एवढी एक ओळ सहीनिशी पाठव. खरं तर पत्र त्यासाठीच.

ता. क. २. नको पाठवूस. सुनेत्राने आत्ता क्लिप ऐकली, उठून स्वयंपाकघरात गेली आणि चिवड्याच्या स्टीलच्या डब्याचं झाकण काढलं. तोच आवाज.