माउली आधी, मग मी

पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने.

मी, श्रीमती साळूबाई पास्कल आढाव, वय वर्षे सत्त्याहत्तर, धंदा पूर्वी लवळे येथील मुलांच्या वसतिगृहात स्वयंपाक, आता घरीच, राहणार पौड, तालुका मुळशी, जिल्हा पुणे, हा कागद राजीखुषीने, कोणी हात न धरता, कोणाला न घाबरता करून ठेवत आहे. माझं डोकं ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरीणबाईंनी दिला आहे, तो सोबत जोडला आहे. गुडघे ठिकाणावर नाहीत, पण मृत्युपत्राला ते लागत नाहीत असं वकीलबाई म्हणाल्या. त्या असंही म्हणाल्या, की आजी, एवढं सगळं लिहायची गरज नसते. मी म्हटलं, गरज तुम्हाला नसेल, मला आहे. तेव्हा मी सांगितलं तसंच्या तसं टाइप करावं, मधलं गाळू नये.

यापूर्वी मी कोणतंही मृत्युपत्र केलेलं नाही. हेच पहिलं आणि हेच शेवटचं.

कलम १. पौड येथील दोन खोल्या, पडवी आणि पुढचं अंगण ही माझी व माझ्या स्वर्गवासी नवऱ्याची स्वकष्टाची मिळकत आहे. ती माझ्या पश्चात माझा एकुलता एक मुलगा इंद्रजित याची होईल. तो भूगावला फ्लॅटमध्ये राहतो, हिंजवडीला कामाला जातो, त्याला या घराची गरज नाही हे मला कळतं. बिल्डरची माणसं दोनदा येऊन अंगणाची मापं घेऊन गेली, तेव्हा तो काही बोलला नाही, तेही मी पाहिलं. माझी अट अशी, की घर हवं तर विकावं, अंगण विकू नये. वकीलबाई म्हणतात अशी अट कोर्टात टिकायची नाही. नको टिकू दे. इंद्रजितच्या मनात टिकली तरी मला बास आहे.

अंगण का, ते पुढे येईल.

कलम २. पोस्टात आणि बँकेत जे काही असेल ते, आणि माझी सोन्याची बोरमाळ, माझी सून गौतमी हिला द्यावी. इंद्रजितला वाटेल आईने आपल्याला डावललं. तर बाबा, तुझ्या आईच्या गुडघ्याला तेल कोणी लावलं ते आठव. शिवाय गेली पाच वर्षं पडवीतल्या कोनाड्याची धूळ तिने पुसली आहे, न सांगता, आणि त्याचं कुठे बोलली नाही. बोरमाळेचा एक मणी चेपलेला आहे. तो तसाच राहू द्यावा. लहानपणी इंद्रजितने दाताने चावला होता.

कलम ३. माझं मोठं पितळी पातेलं. वसतिगृहाने स्टीलची आणली तेव्हा हे मी मोडीच्या भावात घेतलं. यात दोन गावं जेवतात, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. हे पातेलं मी कोळवणच्या चर्चला देत आहे. त्याचं झाकण मी भूगावच्या चर्चला देत आहे. वकीलबाई हसल्या आणि म्हणाल्या, झाकण वेगळं कसं देणार? मी म्हटलं, अहो, तेच तर पाहिजे. ज्यांना भात शिजवायचा असेल त्यांनी एकमेकांच्या दारात जावं.

इथे आमच्या लोकांची थोडी हकीकत लिहिणं भाग आहे, नाहीतर पुढची कलमं परक्या माणसाला कळणार नाहीत.

मुळशीत आम्ही कॅथलिक मूठभर. माझे वडील नगरकडून फादरांच्या शेतीवर कामाला आले आणि कोळवणलाच राहिले. तिथे आमचं छोटं चर्च, त्याला सगळे वरचं चर्च म्हणतात. भूगावचं ते खालचं. माझं माहेर वरचं, सासर खालचं, आणि घर बरोबर मध्ये, पौडला. म्हणून ऑक्टोबरात, जपमाळेच्या महिन्यात, जो कार्यक्रम व्हायचा त्याचा सांधा माझ्या अंगणात असायचा.

कार्यक्रम असा. मतमाउलीची, म्हणजे येशूच्या आईची, एक लहान लाकडी मूर्ती आहे, दोन्ही चर्चची मिळून एकच. ती महिनाभर रोज एका घरी मुक्कामाला असते. संध्याकाळी त्या घरी जपमाळ होते, दुसऱ्या दिवशी ती पुढच्या घरी जाते. अर्धा महिना खालच्यांकडे, अर्धा वरच्यांकडे. रीत एकच, आणि ती फार जुनी: माउलीला आपण होऊन कोणी घराबाहेर काढायचं नाही. आईला चल ऊठ, जा आता, असं कोणी म्हणतं का? ज्याला न्यायची आहे त्याने मेणबत्ती घेऊन, गाणं म्हणत दारात यायचं. देणाऱ्याने फक्त उंबऱ्यापर्यंत यायचं. खालच्यांच्या पाळीतलं शेवटचं घर माझं, तिथून वरचे तिला घेऊन जायचे, आणि त्या दिवशी दोन्हीकडचे माझ्या अंगणात जेवायचे. कोळवणचा इंद्रायणी तांदूळ, भूगावचं मटण, पातेलं माझं. वरची पोरं खालच्यांना सायबलोक म्हणायची, खालची वरच्यांना चिखले म्हणायची, आणि सगळी एका पंगतीत बसून बोटं चाटायची. माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले दिवस ते, मला दुसरं सांगता येत नाही.

कलम ४. आता त्या मूर्तीविषयी. कोरोनाच्या आदल्या वर्षी ऑक्टोबरात पावसाने कहर केला. ज्या दिवशी वरच्यांनी न्यायला यायचं, त्याच दिवशी सकाळी जरा ऊन पडलं. कोळवणला सगळं भात आडवं झालं होतं. माणसं विळे घेऊन शेतात उतरली ती उतरलीच. इकडे माझ्या अंगणात खालचे बसून राहिले. जेवण निवलं, पोरं रडायला लागली. आणि आमच्या इंद्रजितने, हातात माइक होता म्हणून, सगळ्यांसमोर म्हटलं, "वरच्यांना माउलीपेक्षा भात मोठा झालाय. आपण जेवून घेऊ."

नेमका त्याच वेळी माझा धाकटा भाऊ वाल्मीक, वरच्या चर्चचा म्होरक्या, चिखलाच्या पायांनी जीपमधून उतरत होता. मागे बायाबापड्या, हातात विझलेल्या मेणबत्त्या. सगळ्यांनी ऐकलं. वाल्मीक अंगणात पाऊलसुद्धा न टाकता म्हणाला, "आमी काय हौसेनं उशीर केला व्हय रं? ज्या भाताला नावं ठिवतुयास त्याचीच पेज पिऊन मोठा झालायस तू. आता आमी न्हाई येत न्यायला. तुमीच आणून द्या कोळवणला, मंग बगू."

इंद्रजित म्हणाला, "रीत मोडणार नाही. न्यायला येणाऱ्यानेच यायचं."

झालं. मामा गेला, भाचा गेला, आणि माउली माझ्या कोनाड्यात राहिली. हे फक्त आमच्यातच होऊ शकतं, देवाच्या आईला बाहेर काढायचं नाही म्हणून तिला कोंडून ठेवायचं! मग कोरोना आला आणि दोघांनाही न येण्याला चांगलं कारण मिळालं. पुढे खालच्यांनी काचेच्या पेटीतली मोठी मूर्ती आणली, वरच्यांनी तसबीर लावली. दोन फादर समजवायला आले, त्यांची बदली झाली. मी दोघांपुढे हात जोडले, ओरडले, एकदा तर वाल्मीकला भाऊबीजेला ताट न वाढता परत पाठवलं. दोघेही मला म्हणाले, तुझं बरोबर आहे. आणि जागचं हललं कोणीच नाही.

तेव्हा मी लिहून ठेवते: ही मूर्ती माझी नाही, म्हणून ती मी कोणाला देऊ शकत नाही. ती फक्त पोचती करायची आहे. ज्या दिवशी माझं मयत निघेल त्याच दिवशी मूर्तीने घरातून निघावं. ती कोळवणच्यांनी न्यावी, कारण पाळी त्यांची राहिली आहे. उंबऱ्यावर ती वाल्मीकच्या हातात इंद्रजितने द्यावी, दुसऱ्या कोणी नाही. माउली आधी बाहेर पडेल, मग मी. तोवर माझी पेटी उचलायची नाही, मग कितीही उशीर होवो.

कलम ५. मला भूगावच्या दफनभूमीत, पास्कलच्या शेजारी माती द्यावी. पेटीला पुढचा एक खांदा इंद्रजितचा आणि दुसरा वाल्मीकचा असावा. दोघांच्या उंचीत फरक आहे, तेव्हा पाऊल जुळवून चालावं लागेल. मिस्सा, म्हणजे चर्चमधली प्रार्थना, एकच व्हावी, दोन्ही फादरांनी मिळून. दोन ठिकाणी दोन मिस्सा करून माझ्या आत्म्याला हेलपाटे घालायला लावू नये. त्यानंतर माझ्या अंगणात जेवण, कलम ३ मधल्या पातेल्यात, झाकणासकट.

कलम ६. स्पीकरवाला राजू याने त्या दिवशी माइकचा आवाज वाढवून ठेवला होता. त्याला मी माफ केलं आहे. बाकी त्याला माझ्याकडून काही नाही.

कलम ७. या मृत्युपत्राची अंमलबजावणी वाल्मीक आणि इंद्रजित या दोघांनी मिळून करावी. एकट्याची सही चालणार नाही.

शेजारी बाबालाल तांबोळी यांना अडकित्त्यासकट माझी पानसुपारीची चंची द्यायची फार इच्छा होती. पण ते साक्षीदार आहेत, आणि साक्षीदाराला किंवा त्याच्या बायकोला मृत्युपत्रातून काही देता येत नाही असा कायदा आहे म्हणे. म्हणून चंची मी त्यांना कालच हातात दिली. कायद्याने बघत बसावं.

सही करण्यापूर्वीची दुरुस्ती

वरचा मजकूर ऑक्टोबरच्या सुरुवातीला टाइप झाला. सही करण्याआधी साक्षीदाराला कागद काय आहे ते ठाऊक असावं म्हणून मी तो बाबालालला वाचून दाखवला. साक्षीदाराने मजकूर वाचायची गरज नसते, नुसती सही पाहायची असते, हे मला नंतर कळलं. बाबालालच्या पोटात काही राहत नाही हे मात्र आधीपासून माहीत होतं. त्याचं हार्डवेअरचं दुकान, आणि वाल्मीक विळे घ्यायला तिथेच जातो.

रविवारी दुपारी इंद्रजित आणि गौतमी आले होते. घराचं कलम वाच म्हणून मी त्याला कच्चा कागद दिला. तो पडवीत बसून पुढचंही वाचत गेला. चहा निवला तरी हात लावला नाही.

तेवढ्यात फाटकाशी जीप थांबली. वाल्मीक एकटाच उतरला. हातात मेणबत्ती, पायाला चिखल. गाणं म्हणायचं असतं म्हणून म्हणायला लागला. त्याचा आवाज आधीच फाटका, दुसऱ्या ओळीलाच अडकला. तिथूनच ओरडला, "आक्का, तू मेल्यावर न्यायला येऊ व्हय गं? लई शानी हायेस. आजच नेतो."

वारा सुटला होता, मेणबत्ती विझायला आली. इंद्रजित उठला, फाटकापर्यंत गेला आणि त्याने ज्योतीभोवती दोन्ही हात धरले. दोघे तसेच, एक मेणबत्ती धरून, अंगणातून चालत आले. उंबऱ्यापाशी इंद्रजितने विचारलं, "मामा, भात काढून झालं का?"

"निम्मं ऱ्हायलंय."

"पुढच्या रविवारी येतो मी."

"तुला विळा धरता येतो का रं, सायेब?"

"शिकव."

गौतमीने कोनाड्यातून माउली काढून इंद्रजितच्या हातात दिली. त्याने ती वाल्मीकच्या हातात दिली. देणाऱ्याने उंबऱ्याशी थांबायचं असतं, पण आमचा इंद्रजित जाऊन जीपमध्ये बसला आणि माउली पुन्हा मांडीवर घेतली, रस्त्याला खड्डे फार आहेत म्हणाला. एवढ्या वर्षांची रीत मोडली, मोडू दे. मी रडत होते. खोटं कशाला लिहू, पोटभर रडले. कोनाडा रिकामा झाला आणि मला घर भरल्यासारखं वाटलं.

सबब, कलम ४ मधला मूर्ती पोचती करण्याबाबतचा शेवटचा परिच्छेद मी एक रेघ मारून रद्द केला आहे. रेघेखालचं वाचता येतं, ते मुद्दाम. खाडाखोड माझी आहे आणि तिच्याजवळ माझी सही आहे.

बाकी सर्व कलमं कायम आहेत. या घरातून न्यायचं राहिलं ते आता एकच, आणि तिथेही रीत तीच: न्यायला येणाऱ्यांनी यायचं, वरच्यांनी आणि खालच्यांनी मिळून यायचं. फक्त एवढं करावं, की मी सुगीच्या दिवसांत गेले, तर आधी भात काढून घ्यावं. मी थांबेन.

ठिकाण: पौड, तालुका मुळशी
दिनांक: ३० ऑक्टोबर २०२४

सही: साळूबाई पास्कल आढाव

आम्हा दोघांच्या समक्ष श्रीमती आढाव यांनी वरील सही केली, आणि त्यांच्या समक्ष आम्ही आमच्या सह्या केल्या.

साक्षीदार १: बाबालाल तांबोळी, राहणार पौड
साक्षीदार २: चंद्राबाई विठ्ठलराव ढमाले, राहणार पौड